पिंपरदऱ्याचं पान

भागुजींनी एकतीस वर्षं आंबेगाव तालुक्यात टपाल वाटलं. ‘साळुबाईची आई, पिंपळाजवळ’ एवढाच पत्ता असलेलं कार्डही त्यांनी बरोबर त्या दारात नेऊन टाकलं होतं. पण त्यांनी स्वतः लिहिलेलं पत्र मात्र तीनदा परत आलं. पत्र होतं भिमाजीला. पिंपरदरा धरणाच्या पाण्यात गेला तेव्हा भागुजी कळंबला आले आणि भिमाजीला शिरूरकडं कुठंतरी जमीन मिळाली. त्या ‘कुठंतरी’वर पत्र जात नसे. पोस्टमनच्याच पत्राचा पत्ता अपुरा निघावा, ही नामुष्की त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती. गाव सुटून आता बारा वर्षं झाली होती. शाळेत एका बाकावर बसलेला, एकाच करवंदीच्या जाळीत ओरखडे काढून घेतलेला हा दोस्त आठवला की भागुजींना घास जात नसे, आणि त्यांच्या बायकोला, जानकाबाईंना, वाटे आमटीत मीठ चुकलं.

सून स्नेहा गावातल्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं अशा वेबसाइटींची यादीच तिनं वहीत केली होती. झाडांची एक, किल्ल्यांची एक, गावांची एक. २००६ च्या उन्हाळ्यात एका दुपारी तिनं सासऱ्यांना क्लासमध्ये नेऊन हा चमत्कार दाखवला.

“कुणीबी लिवलं तरी चालतं?” भागुजींनी विचारलं.

“हो बाबा.”

“आन् कुणी खोटं लिवलं तर?”

“दुसरं कुणीतरी येऊन खोडतं.”

“म्हंजी आपल्या गावचा पारच की.”

गावांच्या वेबसाइटवर कळंब होतं, पेठ होतं, डिंगोरंसुद्धा होतं. पिंपरदरा नव्हता. भागुजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि स्नेहाला सांगायला सुरुवात केली. नदी, शाळा, देवळाची पायरी, बुद्धविहाराचा पत्रा, आणि एकूण घरं बासष्ट. बोलता बोलता ते दोनदा थांबले. स्नेहानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पुढच्या आठवड्यात पान उघडलं, तर घरं एकसष्ट झालेली. खाली बदलाचं कारण दिलं होतं: ‘बासष्टावं म्हणता तो चिमाजीचा गोठा होता.’

भागुजींचं पित्त खवळलं. “गोठा? चिमाजीला बायकोनं घरात घ्यायचं बंद केलं तवापासून त्यो तिथंच ऱ्हायचा. मी सोता तिथं टपाल टाकलंय. लिव तसं.”

स्नेहानं तसं लिहिलं. गुरुवारी उत्तर आलं: ‘टपाल टाकल्याने गोठ्याचे घर होत नाही.’

झालं, जुंपली. भागुजी सोमवारी लिहायचे, पलीकडचा गुरुवारी खोडायचा. शाळेची घंटा लोखंडी की पितळी, नदीच्या उताराला पायऱ्या सात की नऊ, प्रत्येक गोष्टीवर पलीकडच्याचं म्हणणं तयार. जानकाबाई वैतागल्या. “जे पाण्याखाली गेलं त्याच्या पायऱ्या मोजून काय करायच्यात?” पण त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. म्हाताऱ्याला आता दोन भाकरी लागत होत्या.

आणि मग पान पुरं झालं. सगळं बरोबर लागलं. एक गुरुवार कोरडा गेला, दुसराही गेला. भागुजी क्लासच्या पायरीवर येऊन बसत आणि आत नवीन काही आलंय का, ते स्नेहाला खुणेनं विचारत. भांडणाऱ्याची एवढी ओढ लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिसऱ्या सोमवारी ते म्हणाले, “लिव. शाळेला दोन खोल्या व्हत्या.”

“बाबा, तुम्हीच तर एक सांगितली होती.”

“मी सांगतोय ते लिव.”

गुरुवारी दुरुस्ती हजर: ‘एकच खोली होती.’ भागुजींना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच पुढची थाप ठोकली. ‘गावात सर्वांत पट्टीचा पोहणारा भागुजी पोस्टमन होय.’ त्यावर उत्तर आलं: ‘भागुजीला डोहातून दोनदा शेंडी धरून काढावं लागलं. काढणाऱ्याचे नाव सांगायची गरज नाही.’

भागुजी पडद्याकडं बघतच राहिले. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातला एक इथं बसला होता.

“भिम्या हाय,” ते म्हणाले, आणि सुनेसमोर ढसाढसा रडले.

“मग सरळ पत्ता विचारा की त्यांना,” स्नेहाही डोळे पुसत म्हणाली. तिनं तिथंच लिहिलं: ‘भिमाजी, तुझा पत्ता कळव.’ तासाभरात ते वाक्य गेलं. वेबसाइटची राखण करणाऱ्या कुणा परक्यानं ते खोडलं होतं. गावाच्या पानावर खाजगी निरोप चालत नाहीत म्हणे. त्या निमित्तानं त्यानं अख्खं पान वाचलं, आठवड्याला बदलणाऱ्या पायऱ्या पाहिल्या आणि वर लाल चौकटीत टाकलं: ‘हे गाव अस्तित्वात असल्याचा पुरावा सात दिवसांत न दिल्यास पान काढून टाकण्यात येईल.’ शिवाय कुणाला काही लिहिता येऊ नये म्हणून पानाला कुलूप घातलं.

भागुजींनी ते दोनदा वाचलं. ही भाषा त्यांच्या ओळखीची होती. धरणाच्या वेळी अशाच नोटिसा यायच्या, आणि शेवटच्या तारखेला सगळा पिंपरदरा कागद घेऊन घोडेगावच्या कचेरीत हजर व्हायचा. आधी कुणी जात नसे. तारीख वाढेल अशी आशा असायची.

“बाबा, ही वेबसाइटची सूचना आहे, सरकारची नाही,” स्नेहानं परोपरीनं सांगितलं.

“गाव काढायची नोटीस सरकारबिगर कोण काढतंय?” ते म्हणाले. सातव्या दिवशी रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि परत आलेली तीन पाकिटं पिशवीत घालून ते एसटीत बसले.

कचेरीत टेबलाशी एक टोपीवाला म्हातारा कारकुनाशी हुज्जत घालत होता.

“आमचं गाव काढू नका, साहेब.”

“आजोबा, तुमचं गाव जाऊन बारा वर्षं झाली.”

“ते पाण्यात गेलं. आता कॉम्प्युटरातनं काढत्यात. नातीनं वाचून दावलं मला.”

भागुजी त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. हाक न मारता ते म्हणाले, “शाळेला दोन खोल्या व्हत्या.”

“एकच व्हती,” म्हातारा मागं न बघता म्हणाला. मग त्याचा हात टेबलावरच थांबला.

दोघं बाहेर एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसले ते चार वाजेपर्यंत. भिमाजीच्या नातीचं, अक्षदाचं, बाजाराच्या गावी कॉलेज. भिमाजी दर गुरुवारी बाजाराला जायचा आणि तिच्याकडून लिहून घ्यायचा. “चिमाजीचं घरच व्हतं रं ते,” भिमाजीनं कबूल केलं. “म्हाईत व्हतं मला. पर मी तसं म्हणलो असतो तर तू फिरून कशाला लिवलं असतंस?” मग उताराच्या पायऱ्यांवरून त्यांचं असं काही पेटलं की भिमाजीची एसटी फलाटाला लागली, सुटली, आणि तो धावत जाऊन दारात लोंबकळला. भागुजी धूळ बसेपर्यंत हात हलवत राहिले.

घरी आले तेव्हा चेहरा फुलला होता. पान दुपारीच गेल्याचं स्नेहानं भीत भीत सांगितलं, तेही त्यांनी हसून ऐकलं.

“मग, कुठं ऱ्हातात भिमाजी भावजी?” जानकाबाईंनी विचारलं.

भागुजींचं हसू तोंडावरच राहिलं. पिशवीतली तीन पाकिटं त्यांनी बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि खाली ठेवली.

“त्यांची नात कॉम्प्युटरवर गावाचं नाव शोधत असेलच,” स्नेहा हळूच म्हणाली आणि तिनं वही काढली. “गावांच्या वेबसाइटवर आता घेणार नाहीत. स्वयंपाकाची एक आहे. तिथं काय लिहू?”

भागुजींनी थोडा विचार केला.

“लिव. पिंपरदऱ्याच्या मासवडीत गूळ घालत्यात.”

“अवो, काय बोलताय,” जानकाबाई चुलीपासून उठल्या. “असं कुठं असतंय का?”

“न्हाई ना,” भागुजी म्हणाले. “गुरुवारपतूर थांब.”