उजव्या कडेचा माणूस

मोबाइलवरच्या बसच्या गेममध्ये माझे मिस्टर सहा वर्षांपासून नोकरीला आहेत, आणि दसऱ्यापासून मला त्यांचा फक्त उजवा हात दिसायला लागला.

काम तसं हलकं होतं. खेळणारा बस चालवत जातो, आणि पडद्याच्या उजव्या कडेला, परतीच्या थांब्यावर, हे हात वर करून उभे असायचे. त्यांच्यासाठी बस थांबवायची सोय खेळात नव्हती. रजाही नव्हती, कारण कुठे ना कुठे कोणीतरी खेळत असतंच. मी मिरजेत ब्लाउज शिवते. दुपारी मशीन बंद करायची, बस चालवायला घ्यायची आणि दर फेरीला चार सेकंद नवऱ्याचं तोंड बघायचं, असा आमचा संसार चालला होता. चार सेकंदांत पुष्कळ कळतं. दाढी वाढलेली कळते, झोप झाली नाही तेही कळतं.

दसऱ्याला कंपनीने सुधारणा केली. पडदा कोणत्याही मापाचा असो, चित्र आपोआप त्यात बसेल आणि काठोकाठ भरेल. लोकांना फार आवडलं. माझा मोबाइल उंच आणि अरुंद, त्यामुळे चित्र उंचीला बसलं आणि दोन्ही बाजूंनी कापलं गेलं. उजवीकडचं झाड गेलं, थांब्याची पाटी गेली, हेही गेले. उरला तो वर केलेला हात. शेजारच्या दमयंतीवहिनींच्या रुंद टीव्हीवर लावून पाहिलं, तर तिथे चित्र रुंदीला बसलं आणि वरून कापलं गेलं. हे पायापासून गळ्यापर्यंत होते. "दगडापेक्षा वीट मऊ," वहिनी म्हणाल्या. त्या बिचाऱ्या समजूतच घालत होत्या, पण मला राग आला आणि मी चहा न घेता उठले.

सव्वा महिना मी त्या हातावर काढला. अंगठी सैल झालेली दिसायची. पण हाताला विचारता येत नाही, जेवलात का म्हणून. मला त्यांची फार आठवण यायची. शेवटी सांगलीला कंपनीच्या पडदा जुळवणी विभागात गेले.

तिथले साहाय्यक अधिकारी निमसे सभ्य माणूस होते. त्यांच्या टेबलावर मूळ चित्राचा पडदा होता, पण तो कर्मचाऱ्यांसाठी असल्यामुळे त्यांच्याकडे वळवलेला होता.

"तक्रार चित्राच्या कडेबद्दल आहे की कडेच्या व्यक्तीबद्दल?"

"व्यक्तीबद्दल. आमचे मालक आहेत ते. माप चुकलं तर आम्ही उसवून देतो ओ साहेब. तुम्ही सरळ माणूसच कापलासा की!"

"कापलेले नाहीत, हिंगमिरेबाई. चौकटीबाहेर आहेत. कामावर हजर आहेत."

मग त्यांनी माझा मोबाइल घेऊन चित्र दोन्ही बाजूंनी आवळून दाखवलं. सगळं मावलं, पण हे उदबत्तीसारखे झाले. ज्या माणसाच्या शर्टाची बटणं मी दर वर्षी सरकवून लावली, तो उदबत्ती! मी नको म्हटलं. मग त्यांनी वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून चित्र मूळ प्रमाणात बसवलं. ते मधोमध बोटभर उरलं आणि हे तांदळाएवढे. तोंड कुठलं नि पाठ कुठली, काही कळेना.

"मग ते कोपऱ्यातले गुणांचे आकडे कसे कापले जात नाहीत?" मी विचारलं.

निमसेंनी पेन खाली ठेवलं. "ते कोपऱ्याला बांधलेले असतात. पडदा कसाही असला तरी तिथेच राहतात. पण ती सोय फक्त खेळणाऱ्याच्या कामाच्या वस्तूंना आहे."

"मग यांना कामाचं करा की."

त्यांनी रजिस्टर काढलं. खेळ थांबवायच्या बटणाची जागा रिकामी होती. वरचा उजवा कोपरा. निमसेंनी अटी वाचून दाखवल्या. माणूस पूर्ण दिसेल, तोंडासकट. बटण हलत नाही, त्यामुळे हात वर करता येणार नाही. बटणाला बोट लागलं की खेळ थांबतो, आणि खेळ थांबला की बटण पडद्यावरून जातं.

"म्हणजे बघायचं, पण हात लावायचा नाही?"

"लावायला मनाई नाही. फक्त मग दिसणार नाहीत."

मी सही केली. यांची संमती लागणार होती. उद्या थांब्यावर नोटीस लागेल, कबूल असेल तर ते उजव्याऐवजी डावा हात वर करतील, असं ठरलं.

उठताना मी विचारलं, "आत्ता कसे आहेत ओ? वाळलेत का?"

"तशी नोंद आम्ही ठेवत नाही," निमसे म्हणाले. पडद्याकडे जरा वेळ बघून म्हणाले, "स्वेटर घातलाय."

दुसऱ्या दिवशी बस घेऊन निघाले. थांबा आला, हात दिसला नाही. दुसऱ्या फेरीलाही नाही, अकराव्या फेरीलाही नाही. होता तो हातही मी घालवून बसले, असं वाटलं. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली आणि मशीनवर डोकं टेकून रडले. चार वाजता निमसेंचा फोन आला.

"संमती आहे. सकाळपासून डावा हात वर आहे. खाली घ्या म्हटलं तरी घेईनात."

डावा हात पलीकडच्या बाजूला. तो माझ्या पडद्यात येतच नाही, हे ना माझ्या लक्षात आलं होतं, ना निमसेंच्या.

सोमवारी हे नव्या जागेवर रुजू झाले. आता वरच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढे, पण सबंध दिसतात. केस पांढरे झालेत. सरळ माझ्याकडे बघत उभे असतात. चार सेकंदांचा हिशेब संपला. बस चालेल तितका वेळ दिसतात. म्हणून मी बस चालवत राहते. बोट चुकून तिकडे जाऊ नये म्हणून डाव्या हाताने चालवायला शिकले.

परवा घाटाच्या वळणावर त्यांचे डोळे भरलेले दिसले. मग थेंब गालावर आला. बटणाला हलता येत नाही, त्यामुळे तो तसाच राहिला. मला बघवेना. मी बोट पुढे करून गाल पुसला.

बस थांबली. हे गेले. खेळ सोडायचा की पुढे चालवायचा, असं पडद्याने विचारलं.

माझं बोट ओलं झालं होतं. ते तसंच धरून मी डाव्या हाताने 'पुढे' दाबलं.