विसावाबाबांचा बांगडा

"लवूजी, खरं सांगू का? तुम्हाला पाहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात," दिग्दर्शक अनिरुद्ध फोनवर म्हणाला आणि वर्सोव्याजवळच्या सात बंगला भागातल्या आपल्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या लवू परबांचं तोंड कडू झालं. अनिरुद्धच्या नव्या वेब सिरीजमध्ये बंदरावर राज्य करणारा एक तस्कर होता. सगळ्यांना चळाचळा कापायला लावणारा. त्या भूमिकेसाठी लवूंनी अनिरुद्धमागे टुमणं लावलं होतं.

"अहो, तो अभिनय होता," लवू म्हणाले. "मी देवबागचा माणूस. माशांवर वाढलोय. तुम्ही आज जेवायलाच या. मला समोर बसून बांगडा खाताना बघा, तुमच्या डोक्यातला बाबा काट्यासकट बाहेर पडेल."

"येतो ना. नाहीतरी सकाळी वर्सोव्यातच लोकेशन बघतोय."

हा बाबा म्हणजे 'कृपा विसावाबाबांची' या मालिकेतला. पांढरी दाढी, पायात खडावा, उजवा पंजा वर आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एकच वाक्य, "बाळा, विसावा घे." मालिका एकदाची संपली, पण बाबा काही लवूंना सोडेना. नात्यातल्या एका मयताला गेले, तर तिथेही कुणीतरी कानाशी लागून म्हणालं, "बाबा, एकदा ते वाक्य म्हणा ना, काकांना फार आवडायचं." ही गोष्ट तशी जुनी, पण लवू ती कालच घडल्यासारखी सांगत.

उजव्या पायाच्या अंगठ्याची सूजसुद्धा त्या भूमिकेचीच देणगी, असं त्यांचं ठाम मत होतं. डॉक्टर आपले युरिक ॲसिड, युरिक ॲसिड म्हणत राहिले. "त्यांनी कधी खडावा घातल्यात का?" एवढंच विचारून लवूंनी तो विषय संपवला होता.

पण सगळ्यात मोठं दुःख माशांचं. वर्सोव्याच्या बाजारात त्यांना कुणी मासे देत नसे. कोळणी आधी त्यांच्या पायांकडे बघत, मग एकमेकींकडे बघत आणि म्हणत, "तुमाला नाय." लवू रिकामी पिशवी घेऊन घरी येत आणि बायकोपुढे उसासा सोडत, "विमल, अजून माझे पाय बघतात गं त्या."

"बघणारच. देव मानतात तुम्हाला," विमलाबाई म्हणत. "त्यांच्या श्रद्धेला तडा कशाला द्यायचा? आणि हॉटेलातही नकोच. चार लोक बघतील." असं म्हणून त्या दुधीची भाजी वाढत. मालवणी माणसाच्या ताटात रोज दुधी, याहून मोठा वनवास तो कोणता?

आज मात्र विमलाबाई मुलुंडला बहिणीकडे गेल्या होत्या. मैदान मोकळं होतं. लवूंनी डोक्यावर टोपी घातली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, तोंडाला मास्क लावला आणि आरशात पाहिलं. सख्ख्या आईनं ओळखलं नसतं. पिशवी काखेला मारून ते लंगडत लंगडत बाजारात पोचले.

पहिलीच पाटी सगुणाबाईंची होती. चांदीसारखे बांगडे एकावर एक रचलेले. लवूंच्या तोंडाला पाणी सुटलं ते मास्कनं अडवलं.

"काय देवू, दादा?" सगुणाबाईंनी विचारलं आणि सवयीनं खाली पाहिलं. त्यांची नजर लवूंच्या अंगठ्यावर थांबली. त्यांनी बांगड्यांवर ओलं फडकं ओढलं. "तुमाला नाय."

"मावशी, मी तो नाही."

"त्योच हाय. पायावरून वलखला."

लवू हेलावले. एवढं तोंड झाकलं, तरी नुसत्या चरणांवरून ओळखतात. काय ही भक्ती, आणि काय ही आपली फुटकी दैवरेषा.

"मावशी, तो देव वगैरे सगळं खोटं असतं. दाढीसुद्धा डिंकानं चिकटवलेली होती. द्या ना चार बांगडे, घरी पाहुणा येतोय."

"पावन्याला धाडा इकरं. त्याला देतो."

शेजारच्या कुंदाताईंकडे गेले, तर त्यांनी आधीच सुरमई झाकली होती. पलीकडच्या कोळणीनं तर पाटीवर स्वतःच बैठक मारली. घड्याळ पुढे सरकत होतं. अनिरुद्ध जेवायला येणार आणि समोर काय, दुधी? दुधी खाणारा तस्कर कोणत्या बंदरावर राज्य करतो?

मग लवूंनी विचार केला. बाबा म्हणून मासे मिळत नसतील, तर यांच्या मनातला बाबाच उडवला पाहिजे. त्याची तालीम इथेच होऊन जाऊ दे. त्यांनी चष्मा काढला, मास्क हनुवटीखाली ओढला, एक पाय सगुणाबाईंच्या पाटीवर ठेवला आणि छाती पुढे काढून घसा फोडला, "ए म्हातारे! ह्या बंदरावर कोणाचं राज्य आहे माहीत आहे का? मासे दे, नाहीतर एकेकीची होडी बुडवीन. माका ओळखलंस नाय अजून!"

 पुढच्या क्षणी सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कोयती नव्हती, तिची गरजही नव्हती. त्यांनी नुसतं लवूंच्या पायाकडे बोट केलं.

"पाय काड."

आवाज अजिबात मोठा नव्हता. लवूंनी पाय काढला.

"आता सांग, कोनाची होरी बुरवनार?"

"म्हणजे तसं नाही, मावशी..."

तोवर बर्फाच्या लाद्या उतरवणारा मिथुन, सगुणाबाईंचा भाचा, चार पोरांना घेऊन आला. त्यानं लवूंची कॉलर मागून धरली. "काय रे काका, सकाळी सकाळी टाकून आलास काय? आमच्या मावशीला धमकी देतोस? चल पोलीस चौकीत."

लवूंची पाचावर धारण बसली. आता एकच मार्ग होता. ज्या बाबाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, तोच संकटात धावून येणार होता. त्यांनी टोपी काढली, डोळे अर्धे मिटले, उजवा पंजा वर नेला आणि तो सुप्रसिद्ध, मधात बुडवलेला आवाज काढला.

"बाळा, विसावा घे."

मिथुननं कॉलर आणखी घट्ट धरली. "कोनाला बाळा बोलतोस रे?"

"अरे, विसावाबाबा! रोज संध्याकाळी टीव्हीवर! ओळखलं नाही?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कुंदाताई म्हणाल्या, "संध्याकालची आमी जाली शिवतो. कोन टीवी बघतंय."

"मग इतकी वर्षं मला मासे का देत नाही?" लवूंचा आवाज चिरकला.

सगुणाबाईंनी पदराआडून मोबाइल काढला आणि त्यांच्यापुढे धरला. फोटोत लवू होते. पण दाढी नव्हती, खडावा नव्हत्या. फाटका बनियन घालून, पाय बादलीत बुडवून ते पेपर वाचत होते. "तुमच्या बायकोनं दिलाय. बाजारात सगल्यांना दिलाय. बोलली, हा लंगडत येल, अंगठा सुजलेला असल, त्याला एक बोंबील पन द्यायचा नाय. डॉक्टरनी बंद केलाय, आनि मानूस आयकत नाय."

लवू त्या बादलीतल्या पायाकडे बघत राहिले. म्हणजे भक्ती नव्हतीच. इतकी वर्षं ज्या ओझ्याखाली ते कण्हत होते, ते ओझं कुणी त्यांच्या खांद्यावर ठेवलेलंच नव्हतं. सुटका झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना. उलट भर बाजारात कुणीतरी आपली दाढी उपटून घेतल्यासारखं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

"सोडा त्यांना, ओळखीचे आहेत," गर्दीतून अनिरुद्ध पुढे आला. तो मघापासून तिथेच उभा होता.

"पाहिलंत?" लवूंनी उसनं अवसान आणलं. "कसा वाटला तस्कर?"

"लवूजी, रागावू नका. तुम्ही होडी बुडवायचं बोललात, पण मला वाटलं तिला कुंकू लावताय." एवढं म्हणून तो सगुणाबाईंकडे वळला आणि त्यानं नकळत हात जोडले. "मावशी, ते 'पाय काड' परत एकदा म्हणाल? माझा तस्कर पुरुषच असला पाहिजे असं काही नाही."

"दुपारनंतर या," सगुणाबाई म्हणाल्या. "आता धंद्याचा टाइम हाय."

लवूंनी टोपी घातली आणि निघाले. बाजाराच्या टोकाला सुंदराबाई नावाची एक म्हातारी कोळीण भिंतीला टेकून डुलक्या घेत बसलेली असे. ती उभी राहिली होती. तिनं हात आडवा करून त्यांची वाट अडवली.

"मगा तुमीच बोललाव ना? विसावा घे?"

लवू थांबले. "हो, आजी."

"आवाज आयकून जाग आली. माजा म्हातारा शेवटाला अंथरुनाला खिललेला. रोज तुमचा आवाज आयकला का मंगच झोपाचा." तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, नेमका सुजलेल्या अंगठ्याला. लवूंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्यांनी पाय हलवला नाही.

मग तिनं पाटीतला सगळ्यात मोठा बांगडा उचलला. ताजा, लाल कल्ल्यांचा. "घ्या बाबा. सगुणा बगत नाय."

सगुणाबाई खरंच बघत नव्हत्या. विमलाबाई मुलुंडला होत्या. बांगडा लवूंच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता.

लवूंनी डोळे अर्धे मिटले. उजवा पंजा हळूहळू वर गेला.

"माई," विसावाबाबा म्हणाले, "आम्ही मासे खात नाही."