चर्चच्या तळघरातील आहारयोजनेची चौकशी

एखादी आहारयोजना शास्त्र आहे की खूळ, हे ती चालू असताना सांगता येत नाही, आणि बंद पडल्यावर कुणी विचारत नाही. म्हणून समित्या नेमाव्या लागतात.

मिनेसोटातल्या आमच्या गावी चर्चचं तळघर आरोग्यविषयक संस्थांना फुकट मिळतं. खुळांना मिळत नाही. हा नियम गावाने नुसत्या कोबीच्या सुपावर काढलेल्या हिवाळ्यानंतर झाला. (त्या हिवाळ्यात लोक प्रार्थनेला एकमेकांपासून अंतर राखून उभे राहत. इतिवृत्तात फक्त 'हवा खेळती ठेवावी' एवढीच नोंद आहे.)

गेल्या मे महिन्यात प्रश्न आला तो गुरुवारच्या पाकिटवाल्यांचा. त्यांची योजना सोपी आहे. दिवसातून पाच पाकिटं भुकटी गरम पाण्यात ढवळून प्यायची आणि गुरुवारी तळघरात येऊन काट्यावर उभं राहायचं. चढण्यापूर्वी बूट, पट्टा, कानातलं काढायची मुभा आहे. (एक गृहस्थ खालची कवळीही काढत. त्यांची प्रगती लक्षणीय होती.) वजन उतरलं की टाळ्या, दहा पौंड उतरलं की निळी रिबन.

भिंतीवर माझ्या आईचा फोटो होता. आई मार्चमध्ये गेली. फोटोखाली लिहिलं होतं: 'आर्डिस. अकरा आठवडे, एकतीस पौंड!' मला तो फोटो तिथून काढायचा होता. योजना खूळ ठरली असती तर पाकिटवाल्यांना भिंत मोकळी करावी लागली असती. शास्त्र ठरली तर फोटो त्यांचाच, कारण आईने तशी सही दिली होती. मी गावची ग्रंथपाल असल्यामुळे मला समितीवर घेतलं. पुस्तकं वाचलेला माणूस निःपक्षपाती असतो, असा इथे समज आहे.

अध्यक्षा मार्लिस, चर्चच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. दुसरे सदस्य लोवेल, धान्याच्या कोठारावर तीस वर्षं ट्रक तोलून निवृत्त झालेले. तिसरी मी.

आमच्याकडे कुणी कशालाही वाईट म्हणत नाही. पाहुणीने आणलेल्या जेलीत मासे निघाले तरी 'वेगळंच आहे हं' म्हणतात. याहून कडक शब्द गावात शेवटचा १९७१ साली वापरला गेला. तो वापरणारं कुटुंब पुढे शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात राहायला गेलं.

मी पुस्तकांतून चार कसोट्या काढून नेल्या.

योजना झटपट फळाचं वचन देते का? पाकिटवाल्यांच्या ट्रिनाबाई म्हणाल्या, "वचन मुळीच नाही. आम्ही फक्त फोटो लावतो." उत्तीर्ण.

एखाद्या प्रकारचं अन्न सरसकट वर्ज्य करते का? नाही. सगळ्याच प्रकारचं करते, त्यामुळे कुणा एकावर अन्याय होत नाही. उत्तीर्ण.

स्वतःचाच माल खपवते का? होय. परंतु चर्चही दर शरदात स्वतःचेच पाय विकतं, असं मार्लिसनी निदर्शनास आणलं. (हे पाय म्हणजे सफरचंदाचे.) विषय पुढे नेला नाही.

चौथी कसोटी अवघड. उतरलेलं वजन पुन्हा चढतं का? एकूण सदस्य दोनशे बारा. सोडून गेलेले एकशे नव्वद. ते आता सदस्य नसल्यामुळे मोजलेले नाहीत. उरलेल्यांपैकी आयुष्याच्या अखेरपर्यंत वजन पुन्हा न चढलेली सदस्य एक.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता," मी म्हणाले. "पाचव्या आठवड्यातच तिने पाकिटं सोडली. पोटात ठरत नव्हती. कपाटात अजून तशीच पडलीत."

"आणि तरी उतरत राहिलं!" ट्रिनाबाई पेन्सिल शोधत म्हणाल्या. "हे लिहून घेऊ का मी?"

"पण छान काय दिसायची गं," मार्लिस म्हणाल्या. "अंत्यदर्शनाला मी आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, शवपेटीतसुद्धा कंबर बघा बाईची."

"तुम्ही तिथेच मला तिच्या झग्याचं माप विचारलंत."

"विचारलं ना! कौतुकच वाटलं मला."

लोवेल इतका वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. "पोरी, मी जन्मभर ट्रक तोललेत. भरलेला कुठला नि रिकामा कुठला, मला लांबून कळतं. नवव्या गुरुवारी ती या पायऱ्या उतरत होती, तेव्हाच मला वाटलं होतं..."

"काय?"

"वेगळीच वाटली."

"मग बोलला का नाहीत?"

"टाळ्या चालल्या होत्या गं."

त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही. तिच्या कोटाला तिसरी रिबन मी स्वतः टाचली होती. "सुरेख दिसतेस, आई," असंही म्हटलं होतं. तिने माझा हात बाजूला केला होता. टाचणी लांब होती आणि खाली आता नुसतं हाड होतं.

मतदान झालं. "पाच पाच पाकिटं म्हणजे वेगळंच आहे हं," मार्लिस म्हणाल्या. "वेगळंच," लोवेल म्हणाले. दोघं माझ्याकडे बघू लागले. मला हवा तो शब्द ग्रंथालयातल्या चारही शब्दकोशांत आहे. मार्लिसनी माझ्या कपात कॉफी ओतली, लिंबाची वडी पुढे सरकवली आणि अगदी मायेने विचारलं, "तुला चालेल ना गं?"

"वेगळंच आहे," मी म्हणाले.

इतिवृत्तात नोंद आहे: योजना वेगळी असल्याबद्दल समितीचं एकमत झालं. आक्षेप नाही. गुरुवार पूर्ववत. चौथी कसोटी विशेष प्रावीण्याने पार केल्याबद्दल आर्डिसबाईंचा फोटो मोठा करून जिन्याजवळ लावावा.

हा वृत्तान्त मी आजवर बऱ्याच जणांना सांगितला. सगळे हळहळले. एकोणीस जणांनी हळहळून झाल्यावर योजनेचं नाव विचारलं. त्यांत दोन डॉक्टर होते. नाव मी कुणालाच सांगितलं नाही, इथेही लिहिलेलं नाही. तुम्हाला ते हवं असेल तर कळवा. तुम्ही अर्थातच ते केवळ टाळता यावं म्हणून विचारत असाल.