मेजर जेवत नाही

सिंधूआत्याच्या फ्रीजमधल्या त्या स्टीलच्या डब्यात बिटाची कोशिंबीर आहे, असं मला वाटलं. दही होतं. गुलाबी रंग होता. वरून किसलेलं गाजर पेरलेलं होतं. झाशीतली मे महिन्याची दुपार, बाहेर लूच्या झळा चाललेल्या, आणि गार कोशिंबीर ही माझी जुनी कमजोरी. मी चमचा बुडवला.

"ठेव ते!" मागून आत्या कडाडली. "मेजरचं आहे."

"एक चमचा खाल्ला तर काय होतं?"

"कोंबडीचा खिमा आहे तो. कच्चा."

त्या क्षणी चमचा माझ्या तोंडाबाहेर होता की आत, हा प्रश्न आमच्या घरात अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं, बाहेर होता. बायकोचं म्हणणं, मग घरी येऊन अर्धा तास चुळा कशाच्या भरत होतात?

पण माझ्या तोंडाचं सोडा. कच्ची कोंबडी, आणि ती सिंधूआत्याच्या घरात! आमचे पूर्वज पूजापाठ सांगायला म्हणून इकडे आले ते परत गेलेच नाहीत. त्यांची बोली हिंदी झाली, बुंदेली झाली, पण स्वयंपाकघर तेवढं मराठी राहिलं. आत्याकडे तर चातुर्मासात कांद्याला बंदी आणि लसणाला बारा महिने. आमच्याकडून तिच्याकडे डबा गेला, तर ती आधी झाकण किलकिलं करून वास घेई आणि मगच "ये" म्हणे. मला नव्हे, डब्याला.

आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या इंटर कॉलेजात विज्ञान शिकवून निवृत्त झाली आणि प्रेम नगरमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. मी बावन्न वर्षांचा आहे, पण तिच्या लेखी मी अजून मुन्ना आहे. शाळा सुटली तरी आत्याच्या हातातला खडू सुटलेला नाही. बोलता बोलता उजवा हात वर जातो आणि हवेत आकृती निघू लागते. शिवाय जगातली कुठलीही गोष्ट ती प्रॅक्टिकलच्या पद्धतीनंच सांगते. रिक्षात बसली की आधी, "भैया, पहले उद्देश्य समझ लो." रिक्षावाला बिचारा नुसतं "कहां जाना है" एवढंच विचारत असतो. चहा करायचा तर आधी सामग्री, मग विधी. माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं होणाऱ्या बायकोला बाजूला घेतलं आणि माझ्याबद्दल थेट 'सावधानियां'पासून सुरुवात केली. बायको म्हणते, तेवढीच एक आकृती आत्यांनी बरोबर काढून दिली.

तर मेजर. हे हुद्द्याचं नाव नव्हे. त्याचा मालक बबीनाच्या छावणीत हवालदार होता; कुत्र्याला मात्र घरच्यांनी परस्पर बढती देऊन टाकलेली. हवालदाराची बायको आत्याची जुनी विद्यार्थिनी. बदली अशा ठिकाणी झाली, की कुत्रा नेणं शक्य नव्हतं. ती आली, आत्याच्या पाया पडली, "मैडम, बस कुछ दिन," म्हणाली आणि रडत रडत टेंपोत बसली. मेजर फाटकाच्या फटीला नाक लावून बसला. तिथून तो उठेना. आणि जेवेना.

आत्याकडे टिंगी आधीपासून होती. गल्लीतलीच, बुटकी, शेपटी अर्धी. टिंगी सगळं खाते. खिचडी, भोपळ्याची सालं, एकदा तर माझी चप्पल. तेव्हा कुत्र्याला जेवू घालणं ही अवघड गोष्ट असते, हे आत्याला ठाऊकच नव्हतं. तिनं विद्यार्थिनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मैडम, जो हम सब खाते थे, वही." मग आत्यानं खिचडी केली, दूध-पोळी केली. अंगणात वेगळी चूल मांडून, नाकाला पदर लावून, अंडीसुद्धा उकडली. मेजर प्रत्येक वाटीकडे बघे, मग आत्याकडे बघे, आणि परत फाटकाकडे तोंड करून बसे. पाण्यावर आणि दोनचार घासांवर त्याचे दिवस जात होते.

डॉक्टर येऊन बघून गेले. "बूढ़ा नहीं है, बीमारी भी नहीं है," ते म्हणाले. "पर मैडम, खाएगा नहीं, तो कितना चलेगा?"

त्या संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "मुन्ना, हात फिरवला की बरगड्या लागतात रे." तेव्हा तिचा उजवा हात खाली होता. आकृती निघाली नाही.

आणि मग तिनं मोबाइलवर कच्च्या आहाराचा व्हिडिओ पाहिला. कुत्रा हा मुळात लांडग्याचा भाऊबंद, त्याला शिजवलेलं घालणं हीच चूक, असं त्यात एक गोरापान तरुण सांगत होता. आत्यानं तो तीनदा पाहिला आणि टाळी वाजवली. "आपली सामग्रीच चुकत होती!"

दुसऱ्याच दिवशी स्कूटरवर मागे आत्या, मांडीवर झाकणाचा डबा, आणि आम्ही लक्ष्मी गेटजवळ मटणाच्या दुकानासमोर. मी लांब, औषधाच्या दुकानापाशी उभा राहिलो. ओळखीचं कुणी भेटलंच तर हातात डोकेदुखीची गोळी दाखवता येईल, असा बेत. आत्या मात्र सरळ आत गेली.

"काए जिज्जी, का चानें?" दुकानदारानं विचारलं.

"भैया, यकृत है?"

"कौन?"

आत्याचा हात वर गेला. हवेत मोठं, तिरकं, दोन भागांचं काहीतरी निघालं.

"अरे, कलेजी! ऐसें कओ न जिज्जी."

त्यानं कोंबडीची कलेजी पानावर ठेवली. आत्या वाकून बघत राहिली. घृणा वगैरे काही नाही. "सारी उमर बोर्ड पर बनाया भैया," ती म्हणाली, "आज पहली बार देखा." परतताना स्कूटरवर मागून माझ्या कानात म्हणाली, "मी फारच मोठं काढत होते रे."

फ्रीजची त्याच आठवड्यात वाटणी झाली. आत्याचं दूध, दही, लोणी, देवाच्या हारातली उरलेली फुलं, सगळं आमच्या फ्रीजमध्ये येऊन बसलं आणि तिचा फ्रीज मेजरच्या नावावर झाला. कोशिंबिरीचा प्रसंग त्याच्या आदल्या दिवशीचा. त्यानंतर एवढी व्यवस्था झाली, ती बहुधा माझ्यासाठीच. खिमा, कलेजीचे बोटभर तुकडे, कोंबडीच्या माना, वर दही आणि गाजर. आत्या हातात प्लास्टिकची पिशवी चढवून कालवायची, मग आंघोळ. टिंगीलाही तेच. "ती तुलनेसाठी," आत्या म्हणाली. तुलना लवकरच स्पष्ट झाली. टिंगीची ढोलकी झाली.

मेजरनं पहिल्या दिवशी कोंबडीची मान चाटली. आत्यानं मला ऑफिसात फोन करून सांगितलं, "चाटली!" दुसऱ्या दिवशी तिच्या हातून दोन तुकडे घेतले. तिसऱ्या दिवशी वाटी तशीच राहिली. पुढेही तेच चाललं. कधी एखादा तुकडा, बहुतेकदा काही नाही. कच्चं काय आणि शिजवलेलं काय, त्याला फक्त फाटकच दिसत होतं.

इथं आत्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. तिला पानावर बसून जेवताना आमच्यापैकी कुणी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. तिची आई होती तोवर दोघी समोरासमोर बसायच्या. आई गेल्यावर आत्या ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच, काय असेल ते खाऊन घेते. "एकटीसाठी ताट कोण घासत बसेल?" आम्ही बोलावलं तरी येत नाही. गौरीच्या जेवणाला येते, पुरण वाटते, सगळ्यांना वाढते, आणि पानं घ्यायची वेळ झाली की पदर खोचत उठते. "टिंगी वाट बघते." बायकोनं बोलावून बोलावून शेवटी नाद सोडला.

त्या रविवारी दिवेलागणीला आत्याचा फोन आला. "मुन्ना, येतोस? तो आज पाणीपण पीत नाही."

आम्ही दोघं निघालो. थालीपीठं नुकतीच झाली होती, तव्यावरून उतरलेली. बायकोनं ती डब्यात भरली, वर लोण्याचा गोळा ठेवला. ते लोणी आत्याचंच होतं, पण तो मुद्दा वेगळा. डॉक्टरांना फोन केला. ते बबीनाच्या रस्त्यावर एका म्हशीजवळ अडकले होते, तासाभरात पोचतो म्हणाले.

मेजर फाटकाशी आडवा पडला होता. पोट खपाटीला गेलेलं. आत्या पायरीवर, मांडीवर ती वाटी घेऊन. केस विंचरलेले नव्हते. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आत्या, तुम्ही सकाळपासून काय खाल्लंत?" बायकोनं विचारलं.

"मला भूक नाही."

"मला आहे," बायको म्हणाली. "आणि यांना तर कायमच असते. डॉक्टर येईपर्यंत आम्ही तुमच्या दारात उपाशी बसायचं का?"

पाहुण्यांना उपाशी ठेवणं आत्याच्या नियमात बसत नाही. ती उठली. बायकोनं व्हरांड्यात सतरंजी टाकली, तीन ताटल्या मांडल्या, आणि तिसरी ताटली उचलायला आत्या वाकली तेव्हा तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "दोनच घास. मग उठा."

आत्यानं थालीपीठाचा तुकडा मोडला. मी मोडला. बायकोनं लोणी वाढलं.

तेवढ्यात नखांचा टकटक आवाज झाला. मेजर उठला होता. पाय लटपटत होते. तो हळूहळू व्हरांड्यात आला, आमच्याकडे पाहिलं, एकेका ताटलीकडे पाहिलं, आणि आत्या नि माझ्यामध्ये जी जागा होती तिथं येऊन बसला. जेवायला बसतात तसा.

आत्यानं श्वास रोखून त्याची वाटी पुढे सरकवली.

त्यानं ती हुंगली आणि कोंबडीची मान उचलली. कडाकड आवाज येऊ लागला. मी हयातीत पहिल्यांदा त्या आवाजाच्या शेजारी बसून जेवत होतो आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"उठू नका," आत्या ओठ न हलवता म्हणाली. "कुणी उठू नका. खात राहा."

आम्ही खात राहिलो. बायकोचं पोट भरलं, तरी ती चतकोर तुकडा चिवडत बसली. मी पाचवं थालीपीठ घेतलं, सहावं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी जास्त खाल्ल्याबद्दल बायकोनं डोळे वटारले नाहीत. उलट डबा माझ्याकडे ढकलला. टिंगी येऊन मेजरला चिकटून बसली. तिनं त्याच्या वाटीला तोंड लावलं नाही, याची मात्र मी अजूनही कुणाला खात्री पटवू शकलेलो नाही.

मेजरनं वाटी चाटून साफ केली आणि डोकं आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"तिनं फोनवर सांगितलं होतं रे," आत्या म्हणाली. "'हम सब' म्हणाली होती. मी 'काय खायचे' एवढंच ऐकत बसले." तिचा खरकटा हात तसाच हवेत राहिला होता, कारण दुसरा मेजरच्या कानांमागे गुंतला होता. "एकट्याला जात नाही घशाखाली. हे मला कळायला हवं होतं. मलाच."

तिच्या ताटलीत काही उरलं नव्हतं.

डॉक्टर आले, मेजरचं पोट दाबून पाहिलं, माझ्याही पोटाकडे एकदा पाहिलं, आणि चहा घेऊन गेले. आम्ही घरी निघालो. गल्लीत मी बायकोला म्हणालो, "शेवटी मानला पाहिजे हं तो कच्चा आहार."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय तिथंच सोडला. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून रात्री मेजरला आपल्याकडे जेवायला बोलवायचं."

"मेजरला? त्याचं ते सगळं आपल्या घरात?"

"हो. आत्यांना बोलावलं तर त्या येत नाहीत."