पुंजाभाऊंचा बोलका सिनेमा

पुंजाभाऊंच्या सिनेमात माणसाला तहान लागली, तर आधी ते जाहीर करावं लागतं. "मी आता माठातलं पानी पिऊन राहिलो," असं म्हटल्याशिवाय ग्लास तोंडाला लावायची परवानगी नाही. चोरसुद्धा "हे तोडलं कुलूप, हा घुसलो आत," असं खड्या आवाजात सांगून चोरी करतो. घरातले बिचारे तरीही घोरत राहतात.

अमरावतीत त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. सिनेमा रविवारी. दिग्दर्शन त्यांचं, संवाद माझे. म्हणजे मी चार ओळी लिहायच्या आणि त्यांनी त्यांच्या चाळीस करायच्या.

"पुंजाभाऊ," मी एकदा हात जोडले, "ती रडतेय हे दिसतंय की! मग 'मी रडून राहिली' कशाला?"

"दिसून काय होते? कळलं पायजे!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "लेखकाले शब्द फुकट भेटते, तरी कंजुषी काहून करता जी?"

"अहो, सिनेमा ही पाहायची गोष्ट आहे!"

"तुमच्यासाठी," एवढंच म्हणून ते खुर्चीवर चढले आणि गरजले, "चाला! म्हशीले फ्रेममधी घ्या!"

यंदा अकोल्याच्या एका महोत्सवानं आमचा सिनेमा निवडला. पहिल्यांदाच मोठा पडदा! अट एकच: बडबड कापा. पुंजाभाऊ बरेच दिवस उघड्या दुकानात नुसते बसून राहिले. मग एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "कापा. पन कापतानी मले पाहाले बसवू नका."

मी मनसोक्त कात्री चालवली. शेवटी एक म्हातारा गावच्या फाट्यावर मुलाची वाट पाहतो, तो प्रसंग तर पार बिनसंवादाचा करून टाकला, नुसते आवाज ठेवले.

अकोल्याच्या सभागृहात पुंजाभाऊ पहिल्या रांगेत सापडेनात. ते अगदी मागे, आई आणि बहिणीच्या मधे बसले होते. आई अकोल्यालाच असते, बहिणीकडे. मी तिला प्रथमच पाहत होतो. मी बहिणीशेजारी टेकलो. म्हातारीचे डोळे उघडे होते, पण पडद्याकडे नव्हते.

"आईची नजर गेली ना जी," बहीण हळूच म्हणाली. "भाऊचे सिनेमे मी मोबाईलवर लावून देतो. तिले सारं समजते."

आणि पुंजाभाऊ आईच्या कानाशी लागून, मी कापलेली एकेक ओळ पुन्हा जागेवर बसवत होते. "आता तो उठला, आई. चप्पल घातली. दार लोटलं..."

शेवटचा प्रसंग आला. सभागृह चिडीचूप. फाट्यावर एसटी थांबली, दार आपटलं, गाडी निघून गेली. मग मुरमावर पावलं वाजत जवळ आली.

"आई, आता तो..."

म्हातारीनं चाचपडत त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"पोरगा आला त्याचा," ती म्हणाली. "तू चूप राय ना रे. मले पाहू दे."