मास्तरांची माळ

"यंदा ओटीवरच्या खिळ्याला माझ्या कांद्यांची माळ लागेल," असं नागावच्या बाबाजी मास्तरांनी दिवाळीत जाहीर करून टाकलं, आणि तेही भर जेवणात, मेहुण्यासमोर.

मेहुणा तुळशीराम नुसता हसला. मास्तरांच्या बायकोचं, मनुबाईंचं, माहेर पांढऱ्या कांद्याचं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण दर फाल्गुनात त्या खिळ्याला तुळशीरामचीच माळ लागायची. मास्तरांनी जन्मात कधी कोथिंबीर पेरली नव्हती. पण आता ते निवृत्त झाले होते, आणि निवृत्त मास्तराला शिकवायला कुणीतरी लागतंच.

बियाणं लेकीकडून मिळालं. तेजस्वीने बंगळुरूहून सांबारासाठी बोराएवढे कांदे आणले होते, त्यातल्या चाळीसांना कोंब फुटले. कांदा बारीक राहतो तो आबाळ झाल्यामुळे, असं मास्तरांचं ठाम मत. खतपाणी वेळेवर मिळालं की हाच कांदा नारळाएवढा होणार! ढ पोरांना त्यांनी असंच दहावीच्या पार नेलं होतं. परसात वाफे झाले, रोज सकाळी हजेरी सुरू झाली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उभं करून पात दाखवणंही सुरू झालं.

फाल्गुनात तुळशीराम खांद्यावर माळ टाकून आला. मास्तरांनी पहिलं रोप मुद्दाम त्याच्याच हाताने उपटवलं. खाली सात कांदे! नारळाएवढे कुठले, बोराएवढेच, पण सात. दुसऱ्याखाली आठ.

तुळशीराम गंभीर झाला. "भाऊजी, माझा जन्म कांद्यात गेलाय. एका रोपाला एकच कांदा येतो. हे बाजारातनं आणून पुरलेत, व्हय ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला. पुरले असतील तर कुणी? त्यांनी बायकोकडे पाहिलं. नवऱ्याची लाज राखायला हिनेच हा उद्योग केला, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. मनुबाईही त्यांच्याकडे तशाच नजरेने बघत होत्या. भावापुढे नवऱ्याचं नाक कापलं जाणार, हे त्यांना बघवेना.

"मीच पुरले," त्या म्हणाल्या.

"ती नाही, मी पुरले," मास्तर त्याच दमात म्हणाले.

तुळशीराम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. चोरी एक आणि चोर दोन, हे त्याला झेपेना. शेवटी मनुबाईंनी लेकीला फोन लावला. ती हसतच सुटली. या जातीचा एक कांदा लावला की त्याचेच सात-आठ होतात, म्हणाली. फक्त मोठे कधीच होत नाहीत.

शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलंच नाही. एकाचे आठ! तुळशीरामने एक कांदा चोळून हुंगला आणि हळूच विचारलं, "बियाण्याला पाच-सहा द्याल?" मास्तरांनी दहा दिले, आणि वर लागवडीचा एक तासही घेतला.

कांदे सुकल्यावर मनुबाईंनी दोन दिवस खपून पातीची वेणी घातली. इतक्या बारीक कांद्यांची माळ माहेरीसुद्धा कुणाला जमली नव्हती, हे त्यांनी आळीत चार घरी सांगितलं. माळ खिळ्याला लागली, तुळशीरामची माळ आत माजघराच्या दाराला गेली, आणि मास्तर खिळ्याखाली खुर्ची टाकून बसले.

दुसऱ्याच दिवशी समुद्रावर आलेली पुण्याची एक बाई ती माळ बघून ओटीवर आली. एकाचे आठ कसे होतात, हे मास्तरांनी तिला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. तिनेही मन लावून ऐकलं.

"छान हो, काका," ती म्हणाली. "पण लसूण आहे माझ्याकडे. तो आतला कांदा कसा दिला?"