नाटक पुढे पाठवले आहे

वडशातल्या चार नाटक कंपन्यांच्या संगणकांनी आपसांत बोलावे, असा ठराव परस्परसुसंगती समितीने २००६ साली एकमताने मंजूर केला. कंपन्यांचे मालक आपसांत बोलत नसत. तेव्हा ही जबाबदारी यंत्रांवर टाकणे सोयीचे होते.

वेबसाइट बांधायचे सामान इंटरनेटवर मुक्त होते. कुणीही घ्यावे, बदलावे आणि बदललेले सर्वांना खुले ठेवावे. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या फरहाने त्यातून चारही कंपन्यांच्या वेबसाइटी उभ्या केल्या. मग एका मालकाने तिच्याकडून गुपचूप एक सुधारणा करून घेतली: मोठ्या गावाचे बुकिंग स्वतःकडे ठेवायचे, लहान गावाचे 'मंजूर' म्हणून दुसऱ्या कंपनीकडे सरकवायचे. सामान खुले असल्याने ती सुधारणा लवकरच उरलेल्या तिघांनीही उचलली. धंद्यात एकवाक्यता आली ती इथे.

मूल शहराजवळच्या एका लहान गावाचे भैयाजी मंडईचे नाटक ठरवायला आले. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा; तिला गावात नाटक नसणे म्हणजे पाहुण्यांदेखत नाक कापून घेणे. त्यात यंदा त्यांच्या मुलीला, मयुरीला, बघायला मुलाकडचे त्याच रात्री येणार होते. पहिल्या कंपनीचा कारकून श्रीहरी याने बटण दाबले. पडद्यावर आले: 'मंजूर. पुढे पाठवले आहे.'

"मंग कोणती कंपनी येऊन राह्यली?" भैयाजींनी विचारले.

"ते यंत्रायचं यंत्रायत ठरन, भाऊ. आपून मंधात बोलाचं नाई."

भैयाजी उरलेल्या तिन्ही कचेऱ्या फिरले. सगळीकडे मंजूर. चौथीने पुन्हा पहिलीकडे पाठवले. एकाच नाटकाला चार मंजुऱ्या मिळालेले हे पहिलेच गाव, म्हणून समितीने त्यांना नारळ दिला.

फरहाने मात्र स्पष्ट सांगितले, "काका, कोनीच येत नाई. एखाद्या मालकाले घरी जाऊन धरा." भैयाजींना तिचा राग आला. चार-चार कॉम्प्युटर हो म्हणत असताना ही पोरगी नाही म्हणत होती.

मंडईच्या रात्री मंडप सजला. मुलाकडचे पहिल्या रांगेत बसले. कंपनी आली नाही. बऱ्याच वेळाने मुलाचे वडील खाकरले. ते सरकारी बांधकाम खात्यात अधिकारी होते. भैयाजींनी घाबरत चारही मंजुऱ्यांचे छापील कागद पुढे केले. अधिकाऱ्यांनी ते चष्मा लावून वाचले.

"मंजूर हाये ना? मंग नाटक झालंच म्हना. आमच्या खात्यात दोन पूल असेच झाले."

सोयरीक तिथेच पक्की झाली.

लग्नाचे आमंत्रण वेबसाइटवर आहे. वाचकांनी 'येणार' वर क्लिक करावे. प्रत्यक्ष येण्याची आवश्यकता नाही. ग्रामसभेला आणि पालकसभेला आपण नाहीतरी सही करून असेच हजर असता.